गप्प बसलेली लाईन

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा २८ सप्टेंबर २०२५, रविवारी ठरली होती. नोटीस आणि सभा यांच्यामध्ये पूर्ण चौदा दिवस जावे लागतात, म्हणजे नोटीस निघायची शेवटची तारीख १३, शनिवार. सेक्रेटरी म्हणून हे गणित मी दरवर्षी बोटांवर करते आणि दरवर्षी चेअरमन विचारतात, "एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं?" बिघडतं. प्रत्येक सोसायटीत एक सभासद असतोच, जो वर्षभर काही बघत नाही पण हे दिवस मात्र मोजतो.

गुरुवारी संध्याकाळी ऑफिसात बसले. ऑफिस म्हणजे मुलुंड पूर्वेला आमच्या ए विंगच्या जिन्याखालची खोली. शेजारी पंपरूम, त्यामुळे पावसाळ्यात रजिस्टरांना कुबट वास आणि दर अर्ध्या तासाला टेबलाला कंप. नोटीस, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि ताळेबंद अशा तीन पीडीएफ जोडल्या, ९६ फ्लॅटचे पत्ते बीसीसीत टाकले आणि सेंड दाबलं. पट्टी सरकायला लागली. सरकतच राहिली. मग थंडरबर्डने, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मेलच्या प्रोग्रॅमने, सांगितलं, आउटगोइंग सर्व्हरशी कनेक्शन टाइम्ड आउट.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आणि मी ही झटापट करत असतानाच बी विंगमधून बाथरूमच्या गळतीचं मेल टुणकन येऊन पडलं, तिसरं स्मरणपत्र, फोटोसहित. म्हणजे येणारं सगळं व्यवस्थित येत होतं, फक्त जाणारं अडलं होतं.

मी एमटीएनएलमधून ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. त्याआधीची बरीच वर्षं टेस्ट डेस्कवर काढली. तुम्ही १९८ वर तक्रार नोंदवायचात, ती डॉकेट आमच्या हातात यायची. आम्ही एक्स्चेंजमध्ये बसून तुमच्या लाईनीवर मीटर लावायचो आणि लूप आहे (दोन तारा एकमेकींना चिकटल्यात), अर्थ आहे (तार जमिनीला लागलीय), कॉन्टॅक्ट आहे (दुसऱ्या लाईनीला टेकलीय) की सरळ तुटलीय, ते पाहायचो. त्यानंतरचा प्रश्न फॉल्ट कुठे आहे हा. एक्स्चेंजच्या आत, एमडीएफवर म्हणजे बाहेरच्या तारा जोडतात त्या चौकटीवर, रस्त्यावरच्या पिलरमध्ये, घराजवळच्या डीपीच्या छोट्या पेटीत की ग्राहकाच्या घरात? लाईनमनला उगाच खांबावर चढवायचं नाही, हा नियम. तेव्हा इतका अनुभव असलेल्या बाईने पहिल्या संध्याकाळी काय केलं असेल? पासवर्ड बदलला. मग अँटीव्हायरस बंद केला. मग राउटर बंद करून चालू केला. थोडक्यात, ज्या ग्राहकांना मी अनेक वर्षं मनातल्या मनात हसले, त्यांनी केलं असतं तेच सगळं. रात्री साडेनऊला चेअरमन डोकावून म्हणाले, "वहिनी, वेबमेलवरून पाठवून टाका ना." पाठवता आलं असतं, खोटं कशाला बोलू. पण पत्त्यांची यादी थंडरबर्डमध्ये, जुना पत्रव्यवहार थंडरबर्डमध्ये, आणि शिवाय माझा हट्ट.

शुक्रवारी सकाळी चहा पिताना टेस्ट डेस्कवरचं आमचं ठरलेलं वाक्य आठवलं. "दुसरं इन्स्ट्रुमेंट लावून बघा." लाईन बिघडली की फोन, हे कळायला त्याहून सोपी युक्ती नाही. सोसायटीचं हेच मेल-खातं माझ्या मोबाईलवरही आहे. ऑफिसात गेले, मोबाईल त्याच वायफायला जोडला आणि स्वतःलाच एक मेल पाठवलं. गेलं. क्षणात गेलं. तीच लाईन, तेच खातं, तोच पासवर्ड, फक्त इन्स्ट्रुमेंट वेगळं. म्हणजे लाईन जिवंत होती, पलीकडचा सर्व्हरही जिवंत होता.

मग दोन्हींची सेटिंग्ज शेजारी शेजारी उघडली आणि कागदावर लिहून काढली. सर्व्हरचं नाव सारखं. युजरनेम सारखं. मोबाईलवर पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या कुठल्या दारावर जायचं तो आकडा, ४६५; सुरक्षा एसएसएल, म्हणजे वाट कुलूपबंद. कॉम्प्युटरवर पोर्ट २५, सुरक्षा 'नन', म्हणजे काहीच नाही.

कॉम्प्युटरवरचं हे खातं २०११ साली आधीच्या सेक्रेटरींनी उघडलेलं. त्यानंतर दोनदा कॉम्प्युटर बदलला, पण दर वेळी जुनं प्रोफाइल जसंच्या तसं उचलून नव्यावर ठेवलं गेलं. चौदा वर्षं ते २५ वरून मेल पाठवत होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते या गणपतीत. ऑफिसातली जुनी तांब्याची ब्रॉडबँड लाईन काढून नेटवाल्याच्या पोराने फायबर ओढली, दीड दिवसाच्या विसर्जनाच्या गडबडीत. स्पीड टेस्ट करून दाखवली, सही घेतली, प्रसादाचा मोदक खाल्ला आणि गेला. नंतर दोन आठवडे ऑफिसातून कुणी मेलच पाठवलं नाही, त्यामुळे कळलंही नाही.

संशय आला तरी मीटर लावल्याशिवाय मी फॉल्ट लिहीत नाही. यासाठी टेलनेट नावाचं एक जुनं हत्यार आहे, हव्या त्या पोर्टवर हाक मारून कुणी ओ देतं का ते पाहायचं. विंडोजमध्ये ते मुळात बंद असतं, 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन खूण करावी लागते. मग काळ्या खिडकीत टेलनेट, सर्व्हरचं नाव आणि पोर्टचा आकडा टाकायचा. २५ टाकून पाहिलं. 'कनेक्टिंग टू' आणि पुढे तीन टिंबं. काही नाही. मी घड्याळ लावून बसले होते. वीस-बावीस सेकंदांनी जोडता आलं नाही असा निरोप. मग २५ च्या जागी ५८७. एंटर दाबतो न दाबतो तोच समोर २२० आकडा, सर्व्हरचं नाव आणि तारीख-वेळ. पलीकडच्या ऑपरेटरने फोन उचलून स्वतःची ओळख करून दिली, असं समजा. त्यावर आपण 'ईएचएलओ' म्हणायचं, की तो २५०-२५० करत आपल्याला काय काय येतं याची यादी वाचतो. त्यात स्टार्टटीएलएस दिसलं, म्हणजे जोडल्यावर वाट कुलूपबंद करायची सोय.

हा 'ईएचएलओ' मूळचा 'एचईएलओ', म्हणजे हॅलोच, फक्त एक एल गाळलेला. जुन्या मेलच्या भाषेत सगळ्या आज्ञा चार अक्षरी ठेवल्या होत्या. आयुष्यभर हॅलो म्हणून पगार घेतलेल्या बाईला हे वाचून बरं वाटलं.

आता आकड्यांबद्दल थोडं, कारण इथे मला माझंच जुनं टेलिफोन खातं दिसलं. तुमच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत असते ती सबस्क्रायबर लाईन. एका एक्स्चेंजपासून दुसऱ्या एक्स्चेंजपर्यंत असतात ते ट्रंक आणि जंक्शन. ग्राहकाने ट्रंकवर थेट चढायचं नसतं. त्याने आपल्या एक्स्चेंजला नंबर द्यायचा, पुढचं एक्स्चेंज बघेल. मेलचंही तेच. माझं पत्र आधी आमच्या होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे ज्याच्याकडे आमचं मेल-खातं आहे त्याच्या, सर्व्हरवर जातं, आणि तो सर्व्हर ते जीमेलच्या किंवा कुणाच्याही सर्व्हरकडे पोचवतो. सर्व्हर-सर्व्हरमधली ही ट्रंक म्हणजे पोर्ट २५, आजही. माझ्यासारख्या ग्राहकाने पत्र द्यायची लाईन म्हणजे ५८७ किंवा ४६५, आणि तिथे नाव-पासवर्ड सांगितल्याशिवाय कुणी घेत नाही.

सुरुवातीला असा भेद नव्हता. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेलने एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोचवायच्या पद्धतीचे, नियम लिहिले, आरएफसी ८२१ (इंटरनेटच्या नियमपत्रकांना आरएफसी म्हणतात), त्यात पासवर्ड हा प्रकारच नाही. जोडलेली मंडळी थोडी, बहुतेक विद्यापीठांतली आणि संशोधनातली, एकमेकांना ओळखणारी. चाळीत दारं उघडी असायची तसं. नको असलेली जाहिरात मात्र त्याच्याही आधीची: मे १९७८ मध्ये गॅरी थुअर्क नावाच्या एका संगणक-विक्रेत्याने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या जवळपास चारशे लोकांना एकाच झटक्यात जाहिरात पाठवली होती. पुढे नव्वदच्या दशकात हे प्रकरण हाताबाहेर गेलं. डिसेंबर १९९८ मध्ये ग्राहकांसाठी ५८७ वेगळं काढलं. तरी घरोघरच्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरांतून थेट २५ वर चढून ढिगाने स्पॅम सुटतच राहिलं. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी घरगुती जोडण्यांवरून बाहेर जाणारं २५ बंद करायला सुरुवात केली. ज्याला स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचाय त्याने स्थिर आयपीची व्यावसायिक जोडणी घ्यावी आणि लेखी मागून २५ उघडून घ्यावं. मला यात गैर वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

४६५ चा तर वेगळाच किस्सा आहे. १९९७ मध्ये हा आकडा सुरक्षित मेलसाठी दिला, पुढच्याच वर्षी काढून घेतला, नंतर भलत्याच एका कामाला लावला. लोक मात्र त्यावरून मेल पाठवतच राहिले. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१४ ने तो पुन्हा रीतसर मेलला दिला, आणि आता जमेल तिथे तोच वापरा असं म्हणतात. आमच्याकडे सात आकडी नंबरापुढे २ लागला तेव्हाही असंच झालं होतं. लोक वर्षभर जुनाच नंबर फिरवायचे आणि वर आम्हालाच झापायचे.

माझी तक्रार आहे ती वेगळी. बंद केलंत, ठीक, पण सांगा ना! टेस्ट डेस्कवर कानाला सवय झालेली असते. एंगेज टोन वेगळा, नंबर अस्तित्वात नसल्याचा टोन वेगळा, रिंग जातेय आणि उचलत नाही हे वेगळं. प्रत्येक 'नाही'चा आवाज निराळा असतो आणि त्यावरूनच माणूस पुढे काय करायचं ते ठरवतो. मेलचंही तसं आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर पलीकडे कुणीतरी आहे आणि ते ताबडतोब नाही म्हणतंय. ५३५ आलं तर दारापर्यंत पोचलात, नाव किंवा पासवर्ड चुकला. ५५० मध्ये 'रिलेइंग डिनाइड' आलं तर सर्व्हर भेटला, पण त्याला तुम्ही त्याचे ग्राहक वाटला नाहीत. बहुतेक वेळा पासवर्ड द्यायची खूणच करायची राहिलेली असते. आणि 'टाइम्ड आउट' म्हणजे काहीच नाही. ना टोन, ना रेकॉर्डिंग. तुमची हाक मध्येच कुणीतरी गिळली आणि तोंड पुसून बसलं. म्हणूनच मी आदल्या रात्री पासवर्ड बदलत बसले. पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरने ५३५ म्हणून खडसावलं असतं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

तरी नेटवाल्याला फोन केलाच. पोरगा म्हणाला, "काकू, नेट चालू आहे ना? यूट्यूब लावून बघा." लावलं, चाललं. "मग आमच्याकडून ओके आहे." हेल्पलाइनवर दोन वेळा तेच, फक्त यूट्यूबऐवजी स्पीड टेस्ट. तिसऱ्या वेळी एक मुलगी भेटली, तिला मी सरळ विचारलं, "आउटगोइंग पोर्ट २५ तुमच्याकडून ब्लॉक आहे का?" दोन मिनिटं होल्डवर संतूर ऐकवलं आणि परत येऊन म्हणाली, "हो मॅडम, सिक्युरिटी पॉलिसी आहे, सगळ्याच होम प्लॅनला." सोसायटीचं ऑफिस होम प्लॅनवर कसं, हा प्रश्न मी खजिनदारांसाठी राखून ठेवला. अडीचशे रुपये वाचतात, हे त्यांचं उत्तर मला पाठ आहे.

दुरुस्ती म्हणाल तर चहा निवायच्या आत होण्याजोगी होती. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडे सगळ्यात खाली 'आउटगोइंग सर्व्हर' असतं, बहुतेकांचं तिथे लक्षच जात नाही. एडिट दाबून पोर्ट ५८७ केलं, सुरक्षा स्टार्टटीएलएस, ऑथेंटिकेशन 'नॉर्मल पासवर्ड', युजरनेममध्ये संपूर्ण मेल पत्ता. या 'नॉर्मल पासवर्ड'ला घाबरायचं कारण नाही, वाटच कुलूपबंद असल्यावर पासवर्ड आतून जातो. घाबरायचं होतं ते आधी. पोर्ट २५ आणि सुरक्षा 'नन', म्हणजे चौदा वर्षं सोसायटीचा पासवर्ड पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यासारखा उघडा जात होता. तो त्या सकाळी खरंच बदलला, या वेळी कारणासहित.

चहा निवला तो पुढच्या गोष्टीत. सेंड दाबल्यावर सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राचा, इशारा आला: सर्व्हरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही. 'कन्फर्म' दाबून पुढे जाता येतं, आणि निम्मी मुंबई तेच करते. मी होस्टिंगवाल्याला विचारलं. कारण साधं निघालं. आम्ही सर्व्हरच्या जागी आमच्या डोमेनचं, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचं, नाव लिहिलं होतं, पण सर्टिफिकेट होस्टिंगच्या यंत्राच्या नावावर होतं. त्यांनी दिलेलं नाव टाकलं, इशारा गेला.

शनिवारी सकाळी नोटीस निघाली. दोन मेल जीमेलकडून परत आली, डोमेनला एसपीएफ नाही म्हणून; आपल्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायची याची ती जाहीर नोंद. फेब्रुवारी २०२४ पासून त्यांनी ते कडक केलंय. होस्टिंगच्या पॅनेलमधून एक ओळ घातली, तासाभराने दोन्ही गेली. पितृपक्षात नोटीस काढली म्हणून सी विंगमधून एक नाराजीचं उत्तर आलं. उत्तर आलं म्हणजे नोटीस पोचली, मी त्याची प्रिंट काढून फाइलला लावली.

त्यानंतर मला शहाणपण सुचलं. ऑफिसात मेल पाठवणारं आणखी एक यंत्र आहे, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा. हालचाल दिसली की सेक्रेटरीला फोटो मेल करायचा, अशी सोय त्यात होती, आणि आता आठवलं की गणपतीपासून एकही फोटो आलेला नाही. कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. माऊसने त्या चिमुकल्या मेनूत शिरले. पोर्ट २५, अर्थातच. आणि डीव्हीआरचा स्वतःचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच, एकापासून सहापर्यंत. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर नेमक्या अशाच पासवर्डांनी ताब्यात घेतले होते. तो बदलला. पोर्ट ४६५ केलं, एसएसएल चालू केलं, 'टेस्ट' दाबलं. मोबाईल वाजला. फोटोत वॉचमन खुर्चीवर बसून डबा उघडत होता. मी खूश.

बुधवारी, २४ तारखेला, ताळेबंदातलं एक पान दुरुस्त करून सगळ्यांना पाठवायचं होतं. सेंड दाबलं आणि नकार आला. पण या वेळी ताबडतोब, आकड्यासहित: ५५०, ताशी शंभर मेलची मर्यादा ओलांडली. किती स्वच्छ 'नाही' ते! पण मी तर सकाळपासून एकही मेल पाठवलं नव्हतं.

होस्टिंगच्या पॅनेलमध्ये नोंदी उघडल्या. आदल्या रात्री अकरापासून सोसायटीच्या पत्त्यावरून मिनिटाला दोन-तीन मेल सुटत होती, सगळी मलाच, आणि सगळी त्या फोल्डरमध्ये जाऊन पडलेली जो मी कधी उघडत नाही. फोटो गेटच्या कॅमेऱ्याचे. दुचाकींच्या पार्किंगवर गणपतीत बांधलेली निळी ताडपत्री एका कोपऱ्याला सुटली होती. वारा आला की ती उडत होती आणि डीव्हीआर इमानेइतबारे दर वेळी कळवत होता, हालचाल आढळली.

डीव्हीआरचं मेल बंद केलं, तास भरू दिला, दुरुस्त पान पाठवलं. मग मंडळाच्या पोरांना गाठून ताडपत्री उतरवायला सांगितली. पोरं म्हणाली, "काकू, आता नवरात्र बसलंय, दसरा झाल्यावर काढतो." तोवर कोपऱ्याला वॉचमनने सुतळी बांधली आहे.